दोर आधी आतून तुटतो

1 जूनला मासेमारीबंदी लागली की कोकणातली बंदरे भरून जातात. लहान होड्या वाळूवर ओढून शाकारता येतात. मोठे ट्रॉलर मात्र खाडीत नाहीतर धक्क्याला पाण्यातच उभे असतात. 31 जुलैपर्यंतचे हे 61 दिवस बोटीच्या विश्रांतीचे मानले जातात. बोटीपुरते ते खरेही आहे. तिला धरून ठेवणाऱ्या दोरांना मात्र वर्षातली सगळ्यांत मोठी मजुरी याच दिवसांत पडते.

बांधलेली बोट कधीच स्वस्थ नसते. दर सहा सेकंदांना एक लाट येते असे धरले, तर दिवसाला 14,400 हेलकावे आणि बंदीच्या काळात पावणेनऊ लाखांच्या आसपास. प्रत्येक हेलकाव्याला दोर ताणला जातो असे नाही, पण वारा सुटला, उधाण आले की चुकत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. धक्का जागचा हलत नाही. बोट तेवढी खाली जाते, वर येते. भरतीच्या वेळी आखडून बांधलेल्या दोराला ओहोटीत अख्खी बोट तोलून धरावी लागते.

अशा वेळी दोर नुसता मजबूत असून भागत नाही, तो ताणलाही गेला पाहिजे. पंधरा टनांची बोट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने धक्क्यापासून दूर सरकते आहे असे समजू. रमतगमत चालणारा माणूसही याहून वेगाने जातो. तरी या बोटीत 1,875 ज्यूल गतिज ऊर्जा असते आणि ती दोरालाच पचवावी लागते. दहा सेंटिमीटर ताणून त्याने ती पचवली, तर त्याच्यावर सरासरी ओढ येते जवळपास दोन टन वजनाइतकी. तीच ऊर्जा मीटरभर ताणून पचवली, तर दोनशे किलोहून कमी. ताठर दोर हिसका जसाच्या तसा खुंट्यावर आणि बोटीच्या लाकडावर नेऊन आदळतो.

म्हणूनच नायलॉन बांधणीच्या दोरांचा राजा झाला. वॉलेस कॅरोथर्सच्या गटाने अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1935 साली ते बनवले. नायलॉनचा तीन पेडी दोर तुटण्याआधी मूळ लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने ताणला जातो. पॉलिएस्टर त्यापेक्षा बरेच कमी ताणते, पण घर्षणाला अधिक टिकते. आपल्या बंदरांत सर्वांत जास्त दिसतो तो पॉलिप्रॉपिलीनचा निळा-हिरवा दोर, बाजारातला ‘डॅनलाइन’. तो स्वस्त, हलका आणि पाण्यावर तरंगणारा. हातातला दोर कशाचा हे कळत नसेल, तर तुकडा बादलीभर पाण्यात टाकावा: पॉलिप्रॉपिलीन तरंगते, नायलॉन आणि पॉलिएस्टर, आतली हवा निघून गेली की, बुडतात. जाळूनही ओळखता येते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे काथ्याच्या दोराबद्दल खरे. नायलॉन मात्र वितळते, पिळासकट सगळे जाते आणि मागे टणक गोळी उरते.

आता मुख्य प्रश्न. दोर बदलायचा कधी? ‘किती वर्षांनी’ असा हिशेब बहुतेक जण मागतात, आणि तो मला आळशीपणाचा वाटतो. सावलीत गुंडाळून ठेवलेला पाच वर्षांचा दोर एखाद्या पावसाळ्यात झिजलेल्या दोराहून कितीतरी चांगला असू शकतो. दोराचे वय त्याने सोसलेल्या हिसक्यांवर ठरते, आणि त्या हिसक्यांची नोंद बाहेर फारशी दिसत नाही.

दोराची रचना पाहिली की कारण कळते. तंतूंचे सूत, सुतांचे पेड, आणि तीन पेड पिळून दोर. ताण आला की पिळामुळे पेड एकमेकांवर आवळले जातात, तंतू तंतूवर किंचित सरकतो, आणि ताण गेला की परत येतो. एका खेपेला काहीच होत नाही. लाखो खेपांनंतर तंतूच तंतूला झिजवतात. ओले नायलॉन या अंतर्गत घासण्याला विशेष कच्चे. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमधल्या बंधांत शिरतात आणि त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. वाळले की ही ताकद परत येते. झिजलेला तंतू परत येत नाही. त्यात बंदराचे पाणी गढूळ. बारीक रेती आणि गाळ पेडांमध्ये शिरून बसतो, दोर वाळला की मिठाचे स्फटिक तयार होतात, आणि पुढच्या ताणात हे सगळे तंतूंना आतून कापू लागते.

उष्णतेचेही असेच. वारंवार ताणला जाणारा दोर प्रत्येक खेपेला थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात आतच ठेवतो. ज्या ठिकाणी तो कठड्यावरून वळतो तिथे बाहेरचे घर्षणही भर घालते. पाऊस किंवा लाटेचे पाणी त्याला गार ठेवते. कठड्यावर दोर घासू नये म्हणून त्यावर रबरी नळी चढवतात. चांगलीच सवय, पण घट्ट नळी पाण्यालाही अडवते आणि वादळात दोर आतल्या आत तापतो. नळीपेक्षा जाड कापडाचे वेष्टण बरे, ते पाणी आत जाऊ देते. वितळून पुन्हा घट्ट झालेले तंतू हाताला काचेसारखे गुळगुळीत आणि कडक लागतात. असा पट्टा सापडला तर तो दोर बांधणीतून काढावा, मग बाकीची लांबी कितीही नवी दिसो.

उन्हाचा घाव मात्र बाहेरून दिसतो. अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि हात फिरवला की रंगीत भुकटी बोटांना लागते. जाड दोरात बाहेरचा थर आतल्या थरांवर सावली धरतो. बारीक दोराला ही सोय नाही, म्हणून उन्हात तो आधी मरतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. ताण नसताना दोर दोन्ही हातांत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवायचा. पेड सुटे होतात आणि आतला भाग दिसतो. तिथला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा, तंतू अखंड आणि मऊ असतील तर ठीक. आतून पांढरट भुकटी सांडली, तुटके तंतू बाहेर आले, तर दोराने निकाल दिलेला आहे. एखाद्या पेडाची दहावा हिस्सा झीज झाली की तो दोर काढावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. जाडीही मोजावी. दोराची ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे झिजून 24 मिलिमीटरचा 21 झाला तर तीन मिलिमीटर गेले असे वाटते. प्रत्यक्षात ताकदीचा जवळपास पाव हिस्सा गेलेला असतो. आणि हे सगळे वीस मीटरभर करायची गरज नाही. कठडा, खुंटा, डोळा (दोराच्या टोकाचा फासा) आणि गाठ, एवढ्या चार जागा नीट पाहिल्या तरी बरेच कळते. गाठीत दोर इतका तीव्र वळतो की बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर जादा ताण येतो आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. पेड गुंफून केलेल्या सांध्यात ती सुमारे दहा टक्केच घटते.

गंमत अशी की लोक केसाळ झालेला दोर आधी फेकतात. बाहेरचे तंतू थोडे तुटून आलेली ही लव खरे तर आतल्या तंतूंना काहीसे संरक्षण देते. नीटनेटका, गुळगुळीत दिसणारा पण हाताला लाकडासारखा लागणारा दोर मात्र वर्षानुवर्षे खुंट्यावर राहतो. ताणणे विसरलेला दोर हिसका पचवू शकत नाही. त्याच्याकडे मी अधिक संशयाने पाहीन.

बाहेरून काही न दिसण्याची किंमत काय असते, हे 2 मार्च 2015 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात दिसले. द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारे ‘झारगा’ हे प्रचंड जहाज धक्क्याला बांधले जात असताना एक दोर तुटला आणि उसळून एका अधिकाऱ्याच्या डोक्याला लागला. तो गंभीर जखमी झाला. दोर अत्याधुनिक होता, अतिबळकट पॉलिथिलीनच्या तंतूंचा, वर संरक्षक आवरण असलेला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेला आढळले की वारंवार दाबले आणि वाकवले जाऊन आतले तंतू थकले होते, आणि दोर कागदावरच्या ताकदीपेक्षा खूप कमी ताणावर तुटला होता. आवरणामुळे आतले काहीच दिसत नव्हते. असे तंतू फारसे ताणत नाहीत, म्हणून तुटल्यावर ते उसळत नाहीत, असा समज खलाशांमध्ये होता. पण दोराच्या टोकाला जोडलेला लवचीक तुकडा ताणला गेलेला होता, आणि त्यात साठलेल्या ऊर्जेनेच दोर उसळला. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये, हे आपले जुने तांडेलही सांगतात.

1 जानेवारी 2024 पासून सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात बांधणीच्या दोरांची तपासणी, देखभाल आणि निवृत्ती यांचे नियम आले आहेत. मासेमारी बोटींना तो करार सहसा लागू होत नाही. तिथे तपासणी म्हणजे नाखव्याची नजर आणि खलाशाचा हात. दोर खुंट्याला लावताना त्याच्या डोळ्याजवळ महिना-वर्ष रंगाने लिहून ठेवले, आणि दर हंगामाला टोके उलटी करून बांधली, तर झीज एकाच जागी साचत नाही आणि नोंदही राहते.

काढलेला दोर मात्र अख्खा ठेवू नये. तो ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून कोपऱ्यात पडतो आणि वादळाच्या आदल्या संध्याकाळी, हातात दुसरे काही नसताना, पुन्हा खुंट्यावर चढतो. हातभर तुकडे करावेत. पाण्यात तर मुळीच फेकू नये: पॉलिप्रॉपिलीनचा दोर बुडत नाही, पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि रात्री बंदरात शिरणाऱ्या एखाद्या बोटीच्या पंख्याला गुंडाळतो.