भीमगडच्या जंगलाचे मोल : समज आणि वस्तुस्थिती

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याचे मूल्यमापन म्हणजे झाडे मोजून त्यांवर दर लावणे, असा समज बेळगाव-निपाणीकडील सुशिक्षितांतही दृढ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने वनजमिनीच्या नक्त वर्तमान मूल्याचे दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये ठरले होते, हे खरे. परंतु तो जंगल अन्य कामी वळविणाऱ्याने सरकारात भरावयाच्या रकमेचा दर आहे, आणि अभयारण्यासाठी तो पाचपट धरण्याचा जो नियम त्याच आदेशात आहे, तो मोजमापातून नव्हे, निवाड्यातून आलेला आहे. बारापेडेच्या गुहांत राहणाऱ्या दुर्मीळ रॉटन वटवाघळाला त्या दरांच्या कोष्टकात स्वतंत्र रकाना नाही.

मग रहिवाशांनाच विचारावे, ‘जंगल राखण्यासाठी किती द्याल?’, म्हणजे खरा आकडा हाती येईल, हा दुसरा समज. अभयारण्याच्या पोटातील वाड्यांत पुनर्वसनाची बोलणी कित्येक वर्षे चालू असता, कागद घेऊन दारी आलेल्या परक्या माणसाचा असा प्रश्न मोबदल्याची नांदी म्हणूनच ऐकला जाणार. आणि उत्तरादाखल आलेले ‘काही नाही’ हे दारिद्र्यामुळे, अविश्वासामुळे, की देवराईचा सौदा होत नसतो या निष्ठेमुळे, हे तक्त्यातील शून्य सांगत नाही. अलास्कातील १९८९ च्या तेलगळतीनंतर अ‍ॅरो आणि सोलो या नोबेलविजेत्या अर्थशास्त्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली अशा पाहण्यांना सशर्त मान्यता दिली, तेव्हा होकार-नकारामागचे कारणही विचारावे, असे तिने बजावले होते. अर्थशास्त्र्यांनीच मुलाखतीची वाट मोकळी केली, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवीत नाही.

तिसरा समज अधिक फसवा : पाहणी, मुलाखती, ग्रामसभा आणि नकाशे एकत्र केले की सत्य आपोआप गवसते. वस्तुतः प्रत्येक पद्धत निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते, म्हणून त्यांची सरासरी काढणे निरर्थक होय. उदाहरणार्थ, म्हादईचे पाणी कळसा-बंडुरीतून मलप्रभेत वळविण्याच्या वादात लवादाने २०१८ साली कर्नाटकाला त्या वळवणुकीसाठी ३.९ टीएमसीचा हिस्सा नेमून दिला. तो पाण्याचा हिशेब झाला. हुबळी-धारवाडच्या नळाला, कणकुंबीच्या रानाला आणि खाली गोव्यातील मांडवीला त्याचे मोल एकच आहे काय, हे निराळे प्रकरण. आकडा आणि गावकऱ्यांचे कथन यांचा मेळ बसला नाही, तर संशोधकाने कथन बाजूस न सारता आधी आपला प्रश्न कोणी, कोणाच्या वतीने आणि कोणत्या भाषेत विचारला, हे दप्तरात नोंदवावे.