उगारलेला हात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सिल्वासाच्या घरी मंडळी जमली असता आमच्या भाच्याने पोलीस आणि गुंड यांच्या झुंजीचा एखादा चित्रपट लावण्याचा हट्ट धरला. आम्ही ‘अर्धसत्य’ लावला. हाणामारी फारशी नाही हे पाहून भाचा अर्ध्या तासात झोपी गेला. आम्हांला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

१९८३ सालचा हा हिंदी चित्रपट एका अर्थी मराठीचेच लेणे आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवर तो आधारलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि ज्या कवितेवरून त्याचे नाव आले ती दिलीप चित्रे यांची. दिग्दर्शक गोविंद निहलानी. फौजदार अनंत वेलणकरच्या भूमिकेसाठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार लाभला, आणि अहमदनगरच्या रंगभूमीवर वाढलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी रामा शेट्टी हा गुंडांचा म्होरक्या असा उभा केला, की त्याच्या शांत हसण्याचीच भीती वाटावी.

तो काळ मुंबईला फार जड गेला. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यास राजा तांबट आणि इसाक बागवान या अधिकाऱ्यांच्या पथकाच्या गोळ्यांनी मन्या सुर्वे हा गुंड मारला गेला. मुंबई पोलिसांची पहिली चकमक म्हणून तिचा उल्लेख होतो. त्याच महिन्याच्या १८ तारखेस गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लक्षावधी घरांतील चुली थंडावल्या. ऑगस्टमध्ये खुद्द पोलीस शिपायांचा असंतोष रस्त्यावर उतरला. ज्याच्या हाती दंडुका, तोच अस्वस्थ, असे ते वर्ष होते.

वेलणकर प्रामाणिक आहे. रामा शेट्टीला पकडावयास तो जातो आणि वरून आलेल्या एका आज्ञेने हात हलवीत परततो. त्याचा सहकारी हैदर अली भला माणूस; मित्राची नोकरी वाचावी म्हणून तो त्यास वशिल्याची वाट दाखवितो. वाचकहो, या जोडीत दुष्ट कोणीच नाही, हेच तर दुःख आहे. स्नेहापोटी केलेली तडजोडही माणसाला आतून पोखरते. कष्टाने केलेल्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्याला मिळते, वेलणकर मद्याच्या आहारी जातो, आणि एके दिवशी किरकोळ चोरीच्या संशयितास कोठडीत इतके मारतो की तो प्राणास मुकतो. जो राग रामा शेट्टीवर काढावयाचा, तो एका दुबळ्यावर निघतो. वेलणकरचे वडील शिपाई होते; ते पत्नीला मारीत. ज्या हाताचा त्याने लहानपणापासून द्वेष केला, तोच हात अखेर त्याच्या खांद्याला फुटला.

येथे आम्हांला आमचा हात आठवला.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आमच्या वर्गातील एकाची कंपासपेटी हरवली. त्याच दिवशी सकाळी एका वरिष्ठांनी चार माणसांत आमचा पाणउतारा केला होता आणि आम्ही मान खाली घालून तो ऐकून घेतला होता. वर्गात येताच आमचा संशय पाड्यावरून अनवाणी येणाऱ्या एका वारली मुलावर गेला. पुरावा काय? त्याच्यापाशी कंपासपेटी नव्हती, एवढाच. आम्ही त्यास छडीने मारले. मधल्या सुट्टीत पेटी तिच्या धन्याच्याच दप्तराच्या तळाशी सापडली. आम्ही फक्त ‘बस खाली’ म्हणालो. क्षमा मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावयाची असते, हे आम्हांला कोणी शिकविले नव्हते, आणि आम्हीही शिकलो नव्हतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मार निषिद्ध ठरविला. कोठडीतील आरोपीसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात नियम घालून दिले. चकमकीतील मृत्यूंच्या चौकशीचे नियम २०१४ साली आले. हे सारे आवश्यकच आहे. परंतु कायदा हात उगारल्यानंतर जाब विचारतो. हात उगारण्यापूर्वी ‘हा राग खरा कोणावरचा?’ हा प्रश्न ज्याचा त्यालाच विचारावा लागतो.

चित्रपट पाहिल्यावर काही दिवसांनी तो विद्यार्थी आम्हांला बाजारात भेटला. आता तो येथील एका कारखान्यात कामास आहे. त्याने वाकून नमस्कार केला. आम्ही त्यास बाजूला नेऊन ती गोष्ट काढली आणि क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, ‘‘जाऊ द्या सर, माझंच काहीतरी चुकलं असेल.’’

त्याचे काहीही चुकले नव्हते. एवढ्या वर्षांत त्यास हे कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याने सांगावयाचे तो आम्हीच होतो. आम्ही ते पुन्हा, स्पष्ट शब्दांत, सांगितले. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘माझा पोरगा पाचवीत आहे, सर. काल मी त्याला मारलं.’’

भाचा पुन्हा येईल तेव्हा ‘अर्धसत्य’ त्याला शेवटपर्यंत दाखवावा, असे आम्ही ठरविले आहे.