ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवरचे ‘३० पॉइंट’ म्हणजे नक्की किती?

टर्बो पेट्रोल गाडीचे दोन-चार व्हिडिओ बघितले की फोनवर ऑक्टेन बूस्टरच्या जाहिराती सुरू होतात. छोटीशी बाटली, टाकी भरताना आत ओतायची, आणि लेबलवर ठळक अक्षरांत काहीतरी असं : ‘३० पॉइंटपर्यंत वाढ’. आता ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ३० मिळवले तर १२१ व्हायला हवेत ना? नाही. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनच्या एका आकड्याचा दहावा भाग. ३० पॉइंट म्हणजे फक्त ३. म्हणजे ९१ चं झालं ९४, आणि तेही ‘पर्यंत’. लेबलवर हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच.

मग हे तीन आकडे टर्बो गाडीला लागतात का? त्यासाठी आधी ऑक्टेन काय करतो ते बघू. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपणहून पेटत नाही, स्पार्कची वाट बघतं, त्या सहनशक्तीचा हा आकडा आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते (सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम होतो, तसंच). सिलिंडरमधल्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आतच पेटलं की ठक-ठक होते. हेच नॉकिंग. जास्त झालं तर पिस्टनला तडा जाऊ शकतो.

पण आजच्या गाडीत नॉक सेन्सर असतो. तो इंजिनाची थरथर ऐकतो आणि ईसीयू लगेच स्पार्क थोडा उशिरा देतो. नॉकिंग थांबतं, पिकअप जरा कमी होतो. म्हणून चांगलं पेट्रोल घातल्यावर काही टर्बो गाड्या खरंच मोकळ्या पळतात. ईसीयूने जे काढून घेतलं होतं ते परत मिळतं. मात्र कंपनीने नकाशात जेवढं लिहिलंय त्यापुढे एक घोडाही मिळत नाही, ऑक्टेन कितीही वाढवा. ईसीयू रीमॅप करून बूस्ट वाढवला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ९५ किंवा १०० ऑक्टेन ही चैन नसून गरज असते.

आपल्याकडचं साधं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, शिवाय ते वाफ होताना आतली हवा थंड करतं. टर्बोला दोन्ही गोष्टी आवडतात. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये ई२० पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या आसपास असल्याचं सांगितलं. मायलेज थोडं पडतं, ती तक्रार खरी आहे, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी. पण ती कमतरता ऑक्टेन बूस्टरने भरून निघत नाही. त्याहून जास्त हवा असेल तर इंडियन ऑइलचं एक्सपी१०० आहे. १ डिसेंबर २०२० ला ते दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणेही होती. ते मथुरा रिफायनरीत बनतं.

बाटलीचा हिशेब स्वतः करून बघा. समजा बाटली ८०० रुपयांची आणि टाकी ४० लिटरची. लिटरमागे २० रुपये जादा. आता पंपाच्या बोर्डावर साधं आणि प्रीमियम पेट्रोल यांच्या दरातला फरक बघा आणि ठरवा. मला तरी स्टँडर्ड गाडीसाठी बाटली घ्यायचं कारण दिसत नाही.

शिवाय बाटलीत काय आहे हेही बघायला हवं. बऱ्याच बूस्टरमध्ये एमएमटी नावाचं मँगनीजचं संयुग असतं, काहींत लोखंडाचं फेरोसीन. थोड्या प्रमाणात ऑक्टेन वाढतो हे खरं, पण धातू जळून नाहीसा होत नाही. तो स्पार्क प्लगवर तांबूस थर धरतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येही जाऊन बसतो. धातूचीच जुनी आठवण म्हणजे शिशाचं पेट्रोल. नॉकिंग थांबवायलाच शिसं मिसळायचे. भारतात ते फेब्रुवारी २००० पासून बंद झालं.

घरगुती उपाय तर त्याहून भारी! टाकीत डांबराच्या गोळ्या टाका, असा मेसेज अजून फिरतो. ते नॅप्थॅलिन असेल तर थंड झाल्यावर त्याचे खडे होऊन फिल्टर तुंबू शकतो. हल्लीच्या बऱ्याच गोळ्या तर नॅप्थॅलिनच्या नसतातच, त्यात क्लोरीनचं संयुग असतं, आणि ते जळून आम्ल तयार होतं. बोईसर-तारापूरच्या बाजूला एमआयडीसी असल्याने आणखी एक सल्ला मिळतो : टोल्युइन मिसळ. टोल्युइनचा ऑक्टेन जबरदस्त, यात वाद नाही. १९८८ च्या होंडाच्या फॉर्म्युला वन टर्बो इंजिनात ८४ टक्के टोल्युइन असलेलं इंधन होतं. पण ते नीट वाफ होत नाही म्हणून होंडा ते आधी तापवून इंजिनात सोडायची. तुमच्या गाडीत ती सोय नाही. रबराचे पाइप आणि सील त्याने फुगतात, वास डोक्यात जातो, आणि कॅनमध्ये ते घेऊन फिरणं म्हणजे आग सोबत घेऊन फिरणं.

छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोचा खरा शत्रू वेगळाच आहे. कमी आरपीएमवर जास्त लोड पडला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. याला एलएसपीआय म्हणतात. सफाळ्याहून वरई फाट्याकडे जाताना तांदुळवाडी घाटात चार माणसं बसवून, चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला दाबला, की ती परिस्थिती तयार. उपाय फुकटात आहे : गिअर खाली टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. आणि ऑइल बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड तर बघाच, पण डब्यावर एपीआय एसपी आहे का तेही बघा. ऑइलमधलं कॅल्शियम या त्रासाला हातभार लावतं, म्हणून नव्या ऑइलचा फॉर्म्युला बदललाय.

खात्री हवी असेल तर फोन आहेच. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमध्ये ईएलएम३२७ डोंगल लावा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप जोडा. (आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई डोंगल घ्या, साधं ब्लूटूथ चालत नाही.) टायमिंग ॲडव्हान्स, आरपीएम, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, हे तीन आकडे रेकॉर्ड करा. फोन शेजारच्याच्या हातात, ड्रायव्हरच्या नाही. एक टाकी साधं, एक टाकी ९५, आणि त्याच चढावर त्याच गिअरमध्ये दोन्हींची तुलना. पहिल्या काही किलोमीटरवर निकाल लावू नका, ईसीयूला नवं पेट्रोल समजून घ्यायला वेळ लागतो. हवेचं तापमानही सारखं हवं. वर्सोवा पुलाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर तापलेली गाडी आणि सकाळी सातची गाडी यांची तुलना फसवी असते. टायमिंग दोन्ही वेळा सारखंच दिसलं तर तुमच्या इंजिनाला जादा ऑक्टेन नकोच आहे.

इंजेक्टर क्लीनर हा मात्र वेगळा प्रकार. पीईए असलेला क्लीनर कार्बन खरंच काढतो, ऑक्टेनशी त्याचा संबंध नाही. फक्त डायरेक्ट इंजेक्शन गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन कुठल्याही बाटलीने धुतला जात नाही. तो हवा असेल तर व्हॉल्व्ह उघडूनच साफ करावे लागतात.