‘निअर मी’ म्हणजे कुणाच्या जवळ?

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकमधले गीझर एकेक करून मान टाकू लागतात. बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर चढलेला असतो, ती जळते, आणि कॉलेज रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सकाळी सातला कुणीतरी मोबाइलवर ‘गीझर रिपेअर निअर मी’ असं टाकतं. पूर्वी अशा वेळी शेजाऱ्यांना विचारलं जायचं, नाहीतर जस्टडायलला फोन लागायचा. आता एक नकाशा उघडतो, त्याखाली साधारण तीन नावं येतात आणि घाईतला माणूस त्यांतल्याच एकाला फोन लावतो. सिडकोत वर्षानुवर्षं गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, कामात हात बसलेला कारागीर त्या तिघांत नसेल, तर त्या ग्राहकाच्या लेखी तो नाहीच.

ही तीन नावं ठरतात कशी, याबद्दल बाजारात बऱ्याच अफवा आहेत. गूगलने मात्र निकष उघड सांगितले आहेत आणि तेही तीनच: ग्राहकाने जे शोधलं त्याच्याशी तुमचं काम किती जुळतं, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. पैसे भरून या यादीत वर जाता येत नाही. जाहिरात देता येते, पण तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ असा शिक्का असतो आणि तिचा हिशेब वेगळा.

या तीन निकषांपैकी अंतर आधी समजून घ्यावं, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. ‘निअर मी’मधला ‘मी’ म्हणजे शोधणारा. त्याचा फोन जिथे असेल तिथून अंतर मोजलं जातं. त्यामुळे एकाच मिनिटाला पंचवटीत एक यादी दिसते, पाथर्डी फाट्यावर दुसरी आणि जेलरोडला तिसरी. ‘संपूर्ण नाशिकमध्ये पहिला नंबर आणून देतो’ असं सांगणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड. स्वतःच्या घरी बसून स्वतःचं काम शोधायचं आणि ‘मी तर सगळ्यात वर दिसतो’ म्हणून खूश व्हायचं, यालाही अर्थ नाही. तिथे तुम्ही जवळच आहात. देवळालीतल्या मेव्हण्याला आणि म्हसरूळच्या मित्राला शोधायला सांगा, नावाने नव्हे, कामाने. आलेला स्क्रीनशॉट हीच तुमची खरी जागा.

दुकान नसलं तरी नोंद करता येते, हे अनेकांना माहीत नसतं. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. ग्राहकाकडे जाऊन काम करणाऱ्याने घरचा पत्ता लपवायचा आणि ज्या भागांत जातो ते भाग निवडायचे. असे वीसपर्यंत भाग देता येतात, आणि मूळ ठिकाणापासून गाडीने साधारण दोन तासांपलीकडचा परिसर देऊ नये असं गूगल सांगतं. दोन तासांत इगतपुरी, सिन्नर, ओझर सगळं बसतं. पण एका व्हिजिटसाठी तुम्ही ओझरला जाणार आहात का? जाणार नसाल तर लिहू नका. शिवाय भाग लिहिला म्हणजे तिथे वर दिसाल असं नाही. यादी भरायला वीस नावं टाकणाऱ्यांचा ओझरकरांना उपयोग नसतो आणि सिडकोकरांनाही.

आपल्याकडे जागेच्या नावांचीही एक गंमत आहे. सिडको नाशिकलाच आहे असं नाही. छत्रपती संभाजीनगरला आहे, नांदेडला आहे, नवी मुंबई तर सिडकोनेच वसवली. ‘नाशिकरोड’ हे आपल्यासाठी रेल्वे स्टेशन आणि त्याभोवतीचं उपनगर. भोसरी-चाकणच्या माणसाला मात्र तो पुण्याहून निघणारा हायवे वाटतो आणि कासारवाडीत तर चक्क नाशिक फाटा आहे. म्हणून स्वतःबद्दल लिहाल तिथे नुसतं ‘सिडको’ लिहून थांबू नका. ‘सिडको, नवीन नाशिक, त्रिमूर्ती चौक, पवननगर’ असं लिहा. नाशिकरोडला असाल तर ४२२१०१ हा पिनकोडही द्या. इंग्रजीत नाशिक दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, त्याची काळजी करू नका. ते गूगलला कळतं.

पुढची पायरी पडताळणीची. हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात. निदान तीस सेकंदांचा, न थांबवता, न कापता घेतलेला. त्यात परिसर ओळखू यावा म्हणून चौकातली किंवा रस्त्याची पाटी, मग स्कूटरवरची हत्यारांची पिशवी, मीटर, सुटे भाग, आणि धंदा तुमचाच आहे हे दाखवणारा एखादा कागद, उद्यम नोंदणी किंवा तुमच्या नावाचं बिल. चेहरा दाखवायची गरज नाही. आधी एकदा रंगीत तालीम करून घ्या. अर्ध्यात फोन आला की सगळं पुन्हा.

जुळणीचा निकष मुख्यतः कॅटेगरीवर चालतो. एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ जोड कॅटेगरी. त्यांची नावं अमेरिकेत ठरलेली, त्यामुळे वॉशिंग मशीनवाल्याला ‘वॉशर अँड ड्रायर रिपेअर सर्व्हिस’ निवडावं लागतं. आपला ड्रायर म्हणजे गॅलरीतली दोरी, पण पर्याय नाही. ज्या कामातून सर्वांत जास्त पैसे येतात ते मुख्य ठेवा. बाकी कामं ‘सर्व्हिसेस’मध्ये लोकांच्या भाषेत लिहा: गीझर कॉइल बदलणे, फ्रिज गॅस भरणे, डबा न फिरणे.

नाव मात्र पाटीवर किंवा बिलावर आहे तेच. ‘बेस्ट गीझर रिपेअर नाशिक २४ तास’ असं शेपूट जोडणारे काही दिवस वर दिसतातही, आणि मग कुणीतरी तक्रार करतं, प्रोफाइल निलंबित होतं आणि ऐन थंडीत फोन बंद. अधिकृत नसताना एखाद्या कंपनीचं ‘सर्व्हिस सेंटर’ म्हणवणं तर सरळ फसवणूक आहे. रात्री अकराला फोन उचलणार नसाल तर ‘२४ तास’ही लिहू नका.

आता राहिला नावलौकिक, आणि इथे वेळ घालवण्यासारखा आहे. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. मागायची वेळ एकच: नळातून गरम पाणी आलं, ग्राहकाने हात लावून पाहिला, पैसे दिले, तेव्हा. ‘ताई, काम कसं झालं ते दोन ओळींत लिहाल का? मराठीत चालेल.’ त्यांनी ‘पवननगरला तासाभरात आले, कॉइल बदलली, जुनी दाखवली’ असं लिहिलं, तर ते वाचून पुढच्या माणसाला जो भरवसा वाटतो तो नुसत्या पाच चांदण्यांनी वाटत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात पन्नास रुपये सूट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. सगळ्या भाच्या-पुतण्यांनी एका संध्याकाळी लिहिलेले दहा अभिप्राय तर वाचणाऱ्यालाही ओळखू येतात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे, एवढा हा विषय बिघडलेला आहे.

कडू अभिप्राय येणारच. ‘दोन दिवस थांबवलं, फोनही उचलला नाही’ असं कुणी लिहिलं, तर भांडू नका आणि त्यांचा फ्लॅट नंबर, बिलाची रक्कम चारचौघांत काढू नका. ‘सुटा भाग मिळायला उशीर झाला, पण फोन करून कळवायला हवं होतं. आज संध्याकाळी येऊन बघतो.’ एवढं पुरे. हे उत्तर त्या ग्राहकापेक्षा नंतर वाचणाऱ्या शंभरांसाठी असतं.

बाकी किरकोळ. फोन नंबर जस्टडायल, फेसबुक, व्हिजिटिंग कार्ड सगळीकडे एकच ठेवा. फोटो स्वतःच्या कामाचे टाका. क्षाराने पांढरी झालेली कॉइल आणि शेजारी नवीन कॉइल, हा एक फोटो पुरेसा बोलतो. महिन्यातून एकदा ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते पाहा. लोक ‘गीझर’ शोधत आले आणि तुमच्या सर्व्हिसेसमध्ये गीझरच नसेल, तर दुरुस्ती कुठे हवी ते कळेल. हे सगळं दिवाळीआधी उरका. अभिप्राय साठायला वेळ लागतो.

प्रोफाइल सुरू झालं की फोन येऊ लागतील, त्यांत हाही येईल: ‘गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद आज बंद होणार, पडताळणीची फी भरा आणि आलेला ओटीपी सांगा.’ पडताळणीला गूगल पैसे घेत नाही. ओटीपी देऊ नका, फोन ठेवून द्या.