अल्ट्रा धावण्याआधी डोक्यातून काढायच्या गोष्टी

लोणंदच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी पोरं बहुतेक भरतीची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. तिथे सेकंदासेकंदाला गुण असतात, त्यामुळे जीव तोडून पळणं हाच सराव असतो. यांतलेच काही जण पुढे साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घालतात, यवतेश्वरचा घाट चढून २१ किलोमीटर पूर्ण करतात आणि मग त्यांना मोठ्या अंतराची ओढ लागते. लोणावळ्याची ५० किलोमीटरची शर्यत असते, सिंहगड-राजगड-तोरण्याची डोंगरवाटांवरची असते, स्वातंत्र्यदिनी मुंबईत होणारी बारा तासांचीही असते. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनपेक्षा लांब ते सगळं अल्ट्रा. भरतीची सवय नेमकी इथेच अंगाशी येते.

जितका दमाल तितकी तयारी चांगली, हा यातला पहिला आणि सर्वांत खोल रुजलेला समज. अल्ट्राच्या सरावातलं बहुतेक धावणं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश असावं लागतं. शरीर चरबीतून ऊर्जा काढायला शिकतं, स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, स्नायुबंध हळूहळू घट्ट होतात. ही सगळी कामं सावकाश धावण्यातूनही होतात, आणि असं धावणं दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं. रोज ऊर फुटेस्तोवर पळणाऱ्याचा महिनाभरात पाय तरी दुखावतो, नाहीतर उत्साह तरी संपतो.

हिशेब करून पाहा. ५० किलोमीटरसाठी आठ तास धरले, तर एका किलोमीटरला ९ मिनिटं ३६ सेकंद मिळतात. हा वेग झपाझप चालण्याच्या जवळचा आहे. म्हणजे सालप्याच्या घाटासारखा चढ आला की चालायला लागणं ही हार नव्हे. लांबच्या डोंगरी शर्यतींत पुढच्या फळीतले धावपटूसुद्धा तीव्र चढ चालत चढतात. ऑस्ट्रेलियातला बटाट्याची शेती करणारा क्लिफ यंग १९८३ मध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी सिडनी ते मेलबर्न ही ८७५ किलोमीटरची शर्यत पाय फरफटवल्यासारखा धावत जिंकला. त्याला ५ दिवस १५ तास लागले. बाकीचे वेगाने पळून झोपायला थांबत होते आणि हा त्या वेळेत पुढे सरकत होता.

सावकाश चालीची ताकद खरं तर लोणंदकरांना बाहेरून शिकवायला नको. आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटरचं अंतर कापणारी माउलींची पालखी नीरा स्नान करून सातारा जिल्ह्यात येते ती लोणंदच्या मुक्कामाला. सत्तरीतली माणसं ती वाट पायी चालतात. पण यातूनच उलटा गैरसमजही निघतो, की वारी केली म्हणजे अल्ट्राची तयारी झाली. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, चालताना तो बराच कमी असतो. वारीने चिकाटी येते. हाडं आणि स्नायुबंध मात्र धावूनच तयार होतात.

मग सरावात ५० किलोमीटर धावून पाहायचे का? गरज नाही. एका दमात तेवढं धावलं की सावरण्यातच आठवडे जातात. त्यापेक्षा शनिवारी २८-३० आणि रविवारी थकल्या पायांनी १५-१८ किलोमीटर अशी जोडी अनुभवी मंडळी लावतात. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियमही पवित्र मानू नये. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा टक्क्यांच्या हिशेबाने हळूहळू वाढवणारे आणि नेहमीच्या पद्धतीने सराव करणारे, दोन्ही गटांत दुखापती सारख्याच निघाल्या, सुमारे वीस टक्के. बेतानेच वाढवा, पण आकडा पूर्ण करण्यापेक्षा झोप नीट झाली का आणि कालचं दुखणं आज वाढलं का, हे आधी पाहा. मोठे आकडे एकदम येत नाहीत. पुण्याच्या आशिष कासोडेकरांनी नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन केली. त्यामागे अनेक वर्षांची लांब धाव होती. लडाखमधली ५५५ किलोमीटरची शर्यत त्यांनी त्याआधीच पूर्ण केली होती.

घाट उतरल्यावर दोन दिवस मांड्या धरतात, त्याचा दोष अजूनही लॅक्टिक ॲसिडला दिला जातो. लॅक्टेट धावणं थांबवल्यावर तास-दीड तासात निघून जातं. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, ते हे दुखणं. म्हणून चढाइतकाच उताराचाही सराव करायचा.

बुटांबद्दलचे गैरसमज तर दोन्ही टोकांचे आहेत. एका बाजूला अनवाणीचे अभिमानी. शेजारच्या बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावून शर्यत जिंकल्या, हे खरं आणि मोठंच. पण ती शर्यत तीन किलोमीटरची होती. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला, तसाच तो १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून जिंकला, आणि तेही आधीपेक्षा कमी वेळात. दुसऱ्या टोकाला महागड्या बुटांची श्रद्धा आहे. कार्बन प्लेटचे बूट वेगाने धावण्यासाठी बनवलेले असतात. त्यांचा फायदा इतका ठळक दिसला की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटर आणि प्लेट एकच, अशी मर्यादा घालावी लागली. पण किलोमीटरला नऊ मिनिटं लावणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. पैसे असतील तर त्याच किमतीत साधे दोन जोड घ्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत.

दुकानात पायाचा ठसा घेऊन ‘तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला हाच बूट लागेल’ असं सांगतात. अमेरिकी लष्कराने हजारो नव्या जवानांवर हे तपासलं आहे. तळव्याच्या आकारानुसार बूट दिलेल्यांच्या आणि सर्वांना सारखाच बूट दिलेल्यांच्या दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा निवडीची कसोटी साधी आहे. पाय दिवसभरात फुगतात, म्हणून संध्याकाळी खरेदीला जा. धावताना घालणार तेच मोजे घालून जा. बूट बांधून उभं राहा, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. टाच वर उचलून पाहा, ती आत घसरता कामा नये. मग दुकानाबाहेर शंभर पावलं पळून या. पहिल्याच मिनिटाला कुठे टोचलं, तर ‘वापरून सैल होईल’ हे ऐकून घेऊ नका. डोंगरवाटेसाठी खाचांचा तळ हवा, नीरा-फलटण बाजूच्या डांबरी रस्त्यासाठी नको. आणि शर्यतीच्या दिवशी कोरा बूट कधीही नको.

सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरमिश्रित मोजा इथे कितीतरी चांगला. कातडीला चटका जाणवला की तिथेच थांबून पाय पुसायचा आणि चिकटपट्टी लावायची. ही दोन मिनिटं वाचवणारा पुढे दोन तास घालवतो.

पाणी जितकं प्याल तितकं चांगलं, हा समज घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीकडे घसरलेलं निघालं. त्यातले बरेच जण वाटेत भरपूर पाणी प्यायले होते. तहान लागेल तसं प्यावं. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर सांगितलेल्या मापानेच पाणी घालावं. खाण्याचं म्हणाल, तर लांब धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, महागड्या जेलच्या पाकिटातही जवळपास तितकीच. शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर हे सगळं चालतं. फक्त धावता धावता पचवायची सवय पोटाला सरावातच लावावी लागते.

धावून गुडघे झिजतात, असं घरातले हमखास बजावतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघा-खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, तर बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के दिसला. व्यावसायिक स्पर्धकांमध्ये मात्र तो १३.३ टक्के होता, हेही लपवू नये.

सर्वांत काळजीची गोष्ट म्हणजे शर्यतीआधी खिशात टाकली जाणारी वेदनाशामक गोळी. ‘दुखायच्या आधीच घेतली की दुखत नाही’ म्हणून ती घेतली जाते. ८० किलोमीटरच्या अल्ट्रात केलेल्या आणि २०१७ मध्ये छापून आलेल्या चाचणीत आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्के धावपटूंच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झाली. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होतं. तासन् तास धावताना मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, ही गोळी तो आणखी आवळते. तेव्हा ती घरीच ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर नाव घालण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. आणि धावताना किंवा नंतर लघवी कोकम सरबतासारखी लाल-काळी झाली, तर किती किलोमीटर उरलेत हे न पाहता थेट दवाखाना गाठा.