आजीवन म्हणजे कुणाचे जीवन?

मराठी शिकवणाऱ्या बाईने मोटारीच्या तेलावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण या प्रकरणाची सुरुवात एका शब्दापासून झाली आणि शब्द हा तर आमच्या पोटापाण्याचा विषय!

त्याचे असे झाले. आमचे अण्णा साताऱ्याला असतात. डावा गुडघा क्लच दाबीनासा झाला तेव्हा त्यांनी आपोआप गिअर बदलणारी मोटार घेतली. पुढे उजवाही रुसला आणि गाडी माझ्याकडे पुण्याला आली. दर शनिवारी मी तिच्यातूनच त्यांना भेटायला जाते. यंदा उन्हाळ्यात खंबाटकीच्या अलीकडे, ताशी 60 च्या वेगाने चाललेली गाडी एकाएकी थरथरू लागली. हमरस्त्यावरच्या खरबरीत पट्ट्यांवरून चाके जावीत ना, तशी! दोन-चार क्षण, आणि पुन्हा शहाण्यासारखी शांत. आठ वर्षांची गाडी, 94,000 किलोमीटर झालेले. पोटात धस्स झाले. गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा आकडा आम्हां पगारदारांना झोपू देणारा नसतो.

सर्व्हिसवाल्यांकडे गेले. "गिअरबॉक्सचे तेल बदलायचे का हो?" तिथला तरुण गोड हसून म्हणाला, "नाही मॅडम, ते लाइफटाइम असते."

आजीवन! साहित्यसंस्थेचा आजीवन सभासद मला कळतो; सभासद संपला की सभासदत्व संपते. पण इथे जीवन कुणाचे धरायचे? तेलाचे, गाडीचे, की वॉरंटीचे? तेल तेलाच्या आयुष्यभर टिकते हे विधान तर्कशुद्ध आहे. उपयोगाचे मात्र नाही.

घरी येऊन गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढले. (ते कुणी वाचत नाही; आमच्याही घरी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रथमच बाहेर आले.) पुढच्या तक्त्यात लिहिले होते : तेल बदलण्याची गरज नाही. दोन पाने उलटल्यावर बारीक अक्षरांत : वापर कठीण असल्यास अमुक किलोमीटरला बदलावे. आणि कठीण वापर म्हणजे काय? थांबत थांबत चालणे, चढउताराचे रस्ते, उष्णता, धूळ. म्हणजे कंपनीने पुण्याचेच वर्णन केले होते म्हणा ना!

आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी बाकीचे समजावले. साध्या गिअरबॉक्समधले तेल दात्यांना वंगण देते, एवढेच त्याचे काम. आपोआप चालणाऱ्या गिअरबॉक्समधल्या तेलाच्या वाट्याला मात्र एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेइतकी कामे! इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेते ते तेलच. दाबाने आतले क्लच मिटवते-उघडते ते तेलच. उष्णता वाहून नेते तेही तेच. शिवाय क्लचच्या चकत्या घसरू नयेत, पण हिसका मारूनही चिकटू नयेत, इतपतच घर्षण त्याने राखायचे. त्यासाठी तेलात द्रव्ये मिसळलेली असतात. उष्णतेने ती झिजली की आमच्या गाडीसारखी थरथर सुरू होते.

या द्रव्यांची एक जुनी हकीकत चमत्कारिक आहे. अमेरिकेत अशा तेलांत पूर्वी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल घालीत. 1970 साली तिथल्या सरकारने या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले, तेव्हा तेलवाल्यांना दुसरा पर्याय शोधावा लागला. पर्यायी तेलाला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणखी एक. झेडएफ ही जर्मन कंपनी पुष्कळ मोटारवाल्यांना गिअरबॉक्स करून देते. तीच सांगते, 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. ज्याने बनवला त्याचे ऐकायचे, की विकणाऱ्याचे?

राहता राहिला प्रश्न डब्याचा. मोटार कंपनीच्या शिक्क्याचे तेल महाग, बाहेरचे स्वस्त. दुकानदाराने तिसराच डबा पुढे केला : "सगळ्या गाड्यांना चालते!" सर्व रोगांवर एकच मात्रा देणाऱ्या वैद्याकडे मी जात नाही, तो डबा परत केला. मिस्त्री म्हणाले, "बाई, नाव बघू नका, मानक बघा." ह्युंदाईचे एसपी-4, टोयोटाचे डब्ल्यूएस अशी ही मानके असतात. मोटारवाले सहसा स्वतः तेल गाळीत नाहीत. तेल कंपन्यांकडून करवून घेऊन आपला शिक्का मारतात. पुस्तकातलेच मानक डब्यावर नि:संदिग्ध छापलेले असेल आणि कंपनी नावाजलेली असेल, तर बाहेरचे तेल घालायला माझी हरकत नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र शिक्क्याचेच घालावे. उद्या भांडण झाले तर पावती हाती असते. सीव्हीटी जातीच्या गिअरबॉक्सशी तर मुळीच खेळू नये. त्याचे तेल निराळे असते, साध्या ऑटोमॅटिकचे त्यात घातले की पट्टा घसरलाच समजा.

"तेल बदलल्यानेच गिअरबॉक्स गेला" अशा कहाण्याही कानावर आल्या. मिस्त्री हसले. "चकत्या जळल्यावर लोक तेल बदलतात, बाई. मरताना तोंडात घातलेल्या गंगाजलाला दोष देऊन कसे चालेल?"

आमची वॉरंटी केव्हाच संपली होती. बाहेरचे, मानक जुळणारे तेल घेतले. नवे तेल कुंकवाच्या पाण्यासारखे लाल. निघाले ते कोऱ्या चहाच्या रंगाचे, करपट वासाचे. एका खेपेस साधारण निम्मेच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते; म्हणून दिवाळीनंतर पुन्हा बोलावले आहे. थरथर पुष्कळ कमी झाली, अजून अधूनमधून जाणवते.

त्या शनिवारी साताऱ्याला डबा बरोबर नेला. अण्णांनी भिंग मागवले, डब्यावरचे मानक वाचले, पुस्तकातल्याशी ताडून पाहिले, पुन्हा एकदा ताडले. "जुळते आहे," म्हणाले. मग डबा हलवून पाहिला आणि विचारले, "यात उरलेले अर्धा लिटर होते, ते मिस्त्रीकडेच ठेवून आलीस काय?"