गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरते, सिग्नलला बंद पडते: क्लच गेलाय की इंजिनचा प्रॉब्लेम?

ज्यांनी नुकतीच सेकंड-हँड पेट्रोल गाडी घेतलीय, किंवा दिवाळीपर्यंत घ्यायचा बेत आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग. दोन तक्रारी सगळीकडे ऐकू येतात. एक, गाडी जागेवरून निघताना थडथड हलते. दोन, सिग्नलजवळ स्लो झाली की बंदच पडते. गॅरेजमध्ये बऱ्याचदा दोन्हींवर एकच उत्तर मिळतं, "क्लच गेला, पूर्ण सेट टाकावा लागेल." कधी ते बरोबर असतं, कधी नसतं. पण गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी आपल्याला फरक कळायला हवा, कारण खर्च आपल्या खिशातून होतो.

मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. त्यामुळे आज आपण डीबगिंग करतो तसंच जाऊया. आधी सिस्टीम समजून घ्यायची, मग एकेक शक्यता कापत जायची.

हाफ क्लचमध्ये नेमकं काय होतं?

गाडी उभी आहे, इंजिन ९०० आरपीएमवर चालू आहे. म्हणजे इंजिनला जोडलेलं जड चाक, फ्लायव्हील, सेकंदाला १५ वेळा फिरतंय. गाडीची चाकं मात्र शून्यावर. या दोघांची गाठ घालून द्यायचं काम क्लचप्लेटचं. पेडल सोडत गेलो की प्रेशर प्लेट त्या क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबते. सुरुवातीला प्लेट घसरते, मग पकडते, आणि शेवटी दोन्ही एकाच वेगानं फिरतात. त्या घसरण्याच्या दोन-तीन सेकंदांना आपण हाफ क्लच म्हणतो.

आता घरातलं जड कपाट फरशीवरून ओढून बघा. ते सरळ सरकत नाही. अडकतं, सुटतं, परत अडकतं, आणि खडखड आवाज येतो. क्लचप्लेटनं एकसारखं घसरण्याऐवजी असं अडकत-सुटत पकडलं, की गाडी थरथरते. यालाच जडर म्हणतात.

कारणं बरीच आहेत. प्लेटवर ऑइल आलंय, कारण इंजिनच्या मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय. जास्त तापून प्लेट काचेसारखी गुळगुळीत झालीय. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग पडलेत. प्रेशर प्लेट सगळीकडे सारखी दाबत नाही. आणि एक कारण क्लचच्या बाहेरचं आहे: इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती माउंटिंग्ज. गॅरेजवाले त्यांना फाउंडेशन म्हणतात. रबर फाटलं की क्लच पकडताना अख्खं इंजिन मागेपुढे उडी मारतं, आणि आत बसलेल्याला वाटतं क्लच गेला.

पावसाळ्याचं एक वेगळंच. मुंबईत किंवा कोकणात गाडी चार-पाच दिवस पावसात उभी राहिली, तर फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या काही वेळा गाडी थरथरते, नंतर आपोआप नीट होते. याच्यावर पैसे घालवायची गरज नाही.

मग बंद का पडते?

हा भाग मला जवळचा, कारण इथे सरळसरळ फीडबॅक लूप आहे. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला लागणारी थोडीशी हवा गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सांभाळतो. आरपीएम साधारण ७०० ते ९०० च्या आसपास ठेवायचा हे त्याचं टार्गेट. आरपीएम पडला की हवा वाढव, चढला की कमी कर. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की लोड वाढतो, तेव्हा आणखी हवा दे.

थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की हवेची वाट अरुंद होते. तुम्ही सिग्नलला येता, पाय काढता, आरपीएम झपकन खाली येतो, आणि लूप सावरायच्या आत इंजिन बंद. एसी चालू असताना हे जास्त होतं. याशिवाय एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असतो आणि त्यातून फुकटची हवा आत जाते, स्पार्क प्लग झिजलेले असतात, इग्निशन कॉइल दगा देते, किंवा फ्युएल पंप कमजोर झालेला असतो. गाडी तापल्यावरच बंद पडते आणि थंड झाल्यावर सहज चालू होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

एक महत्त्वाची गोष्ट. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांचा आयडलिंग काही वेळ वरखाली होतो. ईसीयूनं घाणेरड्या थ्रॉटलचा हिशोब लक्षात ठेवलेला असतो. जुना कॅशे समजा. तो रीसेट करून नव्यानं शिकवावा लागतो, आणि प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी. साफ करून घ्याल तेव्हा "आयडल रीलर्न केलं का?" एवढं नक्की विचारा.

दहा मिनिटांच्या टेस्ट

पहिली. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, इंजिन गरम. एसी आणि हेडलाइट लावा आणि पाच मिनिटं आरपीएमचा काटा बघा. काटा नाचतोय किंवा इंजिन मिसिंग करतंय? मग हा इंजिनचा प्रॉब्लेम आहे, कारण न्यूट्रलमध्ये क्लचवर काही लोडच नाही.

दुसरी. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा, मग रिव्हर्समध्ये तसंच करा. थरथर फक्त हाफ क्लचमध्ये आहे आणि पेडल पूर्ण सुटल्यावर थांबते? मग क्लच किंवा फाउंडेशन. पेडल पूर्ण सुटल्यावरही गाडी झटके देत राहते? मग इंजिनकडे बघा.

तिसरी. बॉनेट उघडून हँडब्रेक ओढा, गाडी चांगली चालवणाऱ्याला फूटब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित पकडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून बघा, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नाही. इंजिन थोडं हललं तर ठीक. धाडकन उडी मारली तर फाउंडेशन गेलं.

चौथी. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या स्पीडला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम भराभर चढतोय पण स्पीड तसा वाढत नाही, तर क्लच स्लिप होतोय. इथे मात्र वाद नाही, क्लच बदलायचा.

पाचवी. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो का? म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. अशी गाडी ब्रेक मारताना बंद पडणारच, कारण इंजिन अजून चाकांना चिकटलेलं आहे. केबल ताणलेली असू शकते, हायड्रॉलिक क्लच असेल तर गळती किंवा आत हवा.

फोनवाल्यांसाठी बोनस: ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली असतो, १६ पिनचा. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोलमध्ये गडबड, पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. अॅपमध्ये फ्युएल ट्रिमही दिसतो. तो आयडलिंगला बराच प्लसमध्ये असेल आणि २५०० आरपीएमवर शून्याकडे येत असेल, तर कुठूनतरी हवा आत शिरतेय. क्लचप्लेट मात्र स्कॅनरवर दिसत नाही, तिथे सेन्सरच नसतो.

एक खरी केस

माझ्या मामेभावानं पहिल्या नोकरीच्या पगारावर लोन काढून एक जुनी हॅचबॅक घेतली. महिन्याभरात फोन: "ताई, गाडी निघताना हलते गं, आणि चौकात बंद पडते. गॅरेजवाला म्हणतो क्लच सेट टाका." रविवारी आम्ही वरच्या टेस्ट केल्या. स्लिप नव्हती. एसी लावला की न्यूट्रलमध्ये काटा ६०० च्या खाली जात होता. बॉनेट उघडल्यावर इंजिन चक्क उसळत होतं. त्याच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, खालचं फाउंडेशन फाटलंय. आधी हे टाकू, थ्रॉटल साफ करू. मग पण हलली तर क्लच बघू." मी म्हटलं, "काका, असंच करा." गिअरबॉक्स उतरवावाच लागला नाही.

दोन वेगळे बिघाड एकत्र आले होते, आणि ते एकमेकांना खतपाणी घालत होते. गाडी बंद पडेल या भीतीनं तो निघताना रेस जास्त करायचा आणि हाफ क्लच लांबवायचा. तसंच वर्षभर चाललं असतं, तर क्लच खरंच जळाला असता.

हे टाळू नका

"बंद पडते, परत स्टार्ट करतो, काय होतं?" असं म्हणू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच टिकते, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. घाटात उतारावर हे झालं तर पेडल पंप करत बसू नका, एकदाच जोरात आणि सलग दाबून ठेवा.

क्लच खरंच बदलायचा असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच असते. फ्लायव्हील आणि ऑइल सील स्वतः बघा. सील गळत असताना नवी प्लेट टाकली, तर तीही भिजणार. जुने पार्ट परत मागा.

आणि गाडी घ्यायच्या आधी इंजिन थंड असतानाच पोहोचा. विकणाऱ्याला "आधी गरम करून ठेवू नका" असं सांगून ठेवा. मग एसी लावून ट्रॅफिकमधून आणि एखाद्या चढावर चालवा. रिकाम्या हायवेवर या दोन्ही तक्रारी लपतात.

तुमची गाडी यातल्या कुठल्या टेस्टला अडकली ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, आणि आरपीएमचा काटा किती होता तेही सांगा. पुढच्या भागात बोलूया ब्रेकच्या आवाजांबद्दल. तोपर्यंत क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. भेटूया!